न दिसणारा बोल्ट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गाडीचा सेल्फ गेला. गॅरेजवाले स्टार्टर मोटरला 'सेल्फ' म्हणतात. आमच्या घरात तिला दुसरं नाव कधी नव्हतंच, कारण आमचं घरच गॅरेजवाल्याचं. किल्ली फिरवली की आतून एकदाच 'टक्' असा आवाज यायचा आणि पुढे सारं शांत. दिवे लख्ख लागत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. गल्लीतल्या पोरांनी दोन दिवस हौसेनं धक्का मारून गाडी चालू करून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांची हौस संपली. मी गाडीत बसताना दिसलो की पोरं घराच्या आड होऊ लागली.

"गॅरेजवाल्याचा मुलगा, आणि गाडी धक्क्यावर!" बायको म्हणाली. ती सहज म्हणाली. मला मात्र ते लागलं.

का लागलं, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. मिरजेत अब्बांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. अब्बांना सहीपुरतं लिहिता यायचं. मी बी. एस्सी., बी. एड. झालो आणि तेहतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. लोक म्हणतात, बापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. ते खरंच आहे. पण माझ्या मनात एक वेगळी गोष्ट घर करून होती. पाचवीत असल्यापासून अब्बांनी मला गॅरेजच्या कामाला हात लावू दिला नव्हता. माझ्या हातात पाना दिसला की ते एक शब्द न बोलता तो काढून घेत. दुसरी पोरं शिकत होती, उस्ताद होत होती, आणि सख्खा मुलगा दारात दप्तर घेऊन उभा. मी समजून होतो की अब्बांच्या लेखी माझे हात कामाचे नाहीत.

पुढे मीही त्याची भरपाई करून घेतली. कॉलेजात 'वडील काय करतात' असं कुणी विचारलं तर 'बिझनेस' म्हणून मोकळा व्हायचो. एकदा शाळेच्या बक्षीस समारंभाला अब्बा आले होते. मी तेव्हा नववीत होतो. ते शेवटच्या ओळीत बसले होते, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. नखांतलं काळं दिसू नये म्हणून. टाळ्या वाजवायलासुद्धा त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची लाज वाटायला मात्र पुढची पंचवीस वर्षं जावी लागली.

तर सांगायचं असं की त्या रविवारी मी ठरवलं, सेल्फ आपणच उतरवायचा.

अब्बा गेल्यावर गॅरेजची जागा मालकानं परत घेतली. बरीचशी अवजारं अब्बांच्या थोरल्या शागिर्दाला दिली. एक पत्र्याची पेटी तेवढी आठवण म्हणून मी ठेवून घेतली होती. ती पलंगाखालून ओढून काढली. आत रिंग पाने, फिक्स पाने, गोट्यांचा अर्धामुर्धा संच, रॅचेट, दोन एक्स्टेंशन, एक टॉमी. तळाशी एक वाकडातिकडा रिंग पाना होता. दांडा मधोमध तापवून वाकवलेला, पुन्हा टोकाशी उलट दिशेला मुरडलेला, आणि रिंगेची कडा कानशीनं घासून पातळ केलेली. ट्रकखाली येऊन चेचला गेला असावा असं मला नेहमी वाटायचं. मी तो बाजूला ठेवला.

सेल्फ उतरवणं हे तसं अवघड काम नाही. पहिला नियम असा की आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढायचं. सेल्फकडे येणारी जाड वायर किल्ली बंद असली तरी जिवंत असते. पाना एकाच वेळी त्या वायरीला आणि गाडीच्या पत्र्याला लागला तर अशी ठिणगी उडते की पाना जागच्या जागी चिकटून लाल होतो. दुसरा नियम असा की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड लावायचे, मागच्या चाकांना दगड लावायचे. हे दोन्ही नियम मला न शिकवता येत होते. दारात दप्तर घेऊन उभा राहणारा मुलगाही ऐकत असतोच.

सेल्फ दोन बोल्टांवर बसलेला होता. वरचा बोल्ट दिसत होता. एक्स्टेंशन जोडून गोटी बसवली, रॅचेटला झटका दिला आणि तो सुटला. मला इतका आनंद झाला की बायकोला बाहेर बोलावून मी तो बोल्ट दाखवला.

खालचा बोल्ट दिसत नव्हता.

तो सेल्फच्या बुडाशी, इंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्यावर होता. त्याच्या अलीकडे वायरिंगचा जाड गठ्ठा, एका अंगाला सायलेन्सरकडे जाणारा पाईप, पलीकडे पत्र्याची भिंत. वरून पाहिलं तर सेल्फ आड येत होता आणि खालून पाहिलं तर पाईप. ज्यानं गाडी घडवली त्याला एवढी साधी अक्कल नव्हती का, असं कुणाच्याही मनात येईल. पण कारखान्यात इंजिन, गिअरपेटी आणि सेल्फ हे सगळं बाहेरच जोडतात आणि मग ते एकत्रित धूड गाडीच्या पोटात बसवतात. बोल्ट आवळला गेला तेव्हा तो उघड्यावर होता. पाईप, वायरी, भिंत हे सगळं त्याच्याभोवती नंतर आलं. बोल्ट मुळात अवघड नसतो, आपण उशिरा पोचलेलो असतो.

मी युनिव्हर्सल जॉइंट लावून पाहिला. तो जास्त वाकवला की हाताचा जोर बोल्टापर्यंत पोचतच नाही, सांध्यातच मुरतो. आणि गोटी तिरकी होऊन बोल्टाचे कोपरे खाऊ लागते. तो नाद सोडला. मग बायकोचा हातातला छोटा आरसा मागून घेतला, पोराची जुनी टॉर्च घेतली आणि आरशात बघून फिक्स पाना लावला. पाना बसला! मी डावीकडे जोर लावला. बोल्ट जरासा हलला. पुन्हा लावला, पुन्हा केसभर हलला. पुढं मात्र तो हलेना. अर्धा तास घाम गाळल्यावर उमगलं. आरशात जी डावी बाजू दिसते ती खरी उजवी. घड्याळ आरशात पाहिलं तर काटे उलटे फिरतात, हे मी तेहतीस वर्षं सातवी-आठवीच्या पोरांना शिकवलं होतं. मी बोल्ट सोडवत नव्हतो, आवळत होतो.

त्या रात्री बोल्टाच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं. बोल्ट पोलादी आणि गिअरपेटीचं घर अॅल्युमिनियमचं असलं की दोन धातूंच्या मध्ये ओल शिरून एक पांढुरकी बुरशी धरते आणि आटे एकमेकांना घट्ट मिठी मारून बसतात. अशा वेळी अब्बा घरावर उकळतं पाणी ओतायचे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक किंचित सैल होतं. अब्बांना प्रसरणांक माहीत नव्हता. मला माहीत होता, पण पाणी ओतायचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं.

सोमवारी चाकाच्या कमानीतून हात घातला. उजवा हात दंडापाशी अडकला. डावा हात जरा तिरका करून गेला. बोटं चाचपडत बोल्टापर्यंत पोचली. आता डोळ्यांचा उपयोग नव्हता. अब्बा अशा वेळी चक्क डोळे मिटून घ्यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ये आँख का काम नै बेटा, उंगली का काम है." आमच्या गावात सतारीच्या घोडीवर जवारी काढणारे कारागीर कानानं काम करतात. अब्बा बोटानं करायचे.

मीही डोळे मिटले. मधल्या बोटाला बोल्टाचा एक कोपरा लागला. तर्जनी पुढं केली, तर काही लागेना. बोल्ट तिथं होता, तर्जनी त्याच्यावर होती, पण तर्जनीला ते कळत नव्हतं. माझ्या डाव्या तर्जनीचं टोक नाही. नखाच्या जागी एक जाड वळी आहे, आणि त्या वळीला काही जाणवत नाही.

गाडीखाली पडल्या पडल्या मला तो दिवस आठवला.

मी तेव्हा पाचवीत होतो. गॅरेजमध्ये अॅम्बॅसडर आली की अब्बा मला बोलावून घेत. "बारक्याला हाक मार रे." गिअरपेटी उतरवायची तर तिचे वरच्या अंगाचे बोल्ट सोडवावे लागत, आणि तिथं मोठ्या माणसाचा हात मनगटापर्यंत जायचा. माझा कोपरापर्यंत जायचा. मी पोटावर पडून हात आत घालायचो, बोल्टाला पाना बसवून द्यायचो आणि खालून अब्बा विचारायचे, "बैठा?" मी म्हणायचो, "बैठा!" त्या एका शब्दासाठी मी शाळेतून पळत यायचो. अवघ्या गॅरेजात जे कुणाला जमत नाही ते मला जमायचं. त्या दिवशी शेवटचा बोल्ट सुटला, जॅकवर तोललेली गिअरपेटी एका अंगाला सरकली, आणि माझं बोट तिच्या आणि इंजिनच्या मध्ये राहिलं. दुखल्याचं मला आठवत नाही. अब्बांचा आवाज आठवतो. त्यांनी मला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यानं पळत दवाखान्यात नेलं, आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर त्यांच्या हातांचे काळे ठसे उठले होते. अम्मी तो सदरा किती दिवस धूत होती. बोटाचं रक्त गेलं, ते ठसे गेले नाहीत.

त्यानंतर मला हाक आली नाही. मी समजलो, मी हात वेळेत काढला नाही म्हणून अब्बा रागावले.

मंगळवारी मी हार मानली आणि भाईला फोन केला. भाई म्हणजे अब्बांचा तो थोरला शागीर्द. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. दहाव्या-बाराव्या वर्षी गॅरेजात आला तो अब्बांच्या जनाज्याला खांदा देईपर्यंत तिथंच होता. आता पंढरपूर रोडला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. आमचं बोलणं अर्थातच दखनीत होतं. इथं ते मराठीत लिहितो.

भाई संध्याकाळी आला. गाडीखाली एकदा वाकून पाहिलं, माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि हसला. मग त्याची नजर पेटीशेजारी ठेवलेल्या त्या वाकड्या पान्यावर गेली. हसू थांबलं.

"मास्तर इथं आहे होय!" तो म्हणाला.

"इथंच आहे की. तीन दिवस गाडीखाली आहे," मी म्हणालो.

"तुम्ही नव्हे हो. हा." त्यानं पाना उचलला, सदऱ्याला पुसला. "हा मास्तर. मी कुठं कुठं शोधला ह्याला. उस्ताद गेल्यावर हरवला असं समजलो होतो."

मला काही कळेना. भाई पायरीवर बसला.

"तुमचं बोट गेलं ना, त्या रात्री उस्ताद घरी गेले नाहीत. गॅरेजातच बसून होते. दुसऱ्या दिवसापासून हे वेड लागलं. रिंग पाना घ्यायचा, लोहाराच्या भट्टीवर तापवायचा, वाकवायचा, अॅम्बॅसडरच्या त्या बोल्टाला लावून बघायचा. बसला नाही की पुन्हा तापवायचा. तीन पाने तर मोडले. नवे, विकत आणलेले पाने! त्या दिवसांत पाना मोडणं म्हणजे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. चौथा हा. हा बसला तेव्हा उस्ताद म्हणाले, आता बारक्याचा हात नको. बारका शाळेत जाईल, मास्तर होईल. तेव्हापासून ह्याचं नाव मास्तर. 'मास्तर दे रे' म्हटलं की हा द्यायचा. तुम्ही मास्तर झालात ते पुढं बारा वर्षांनी. हा आधी झाला."

मी काहीच बोललो नाही. भाईही बराच वेळ बोलला नाही. मग पान्याकडे बघत म्हणाला, "हा तयार व्हायला चार महिने लागले."

"मग त्या चार महिन्यांत अॅम्बॅसडर आल्या नाहीत?"

"आल्या की."

"मग?"

भाईनं आपला उजवा हात पुढं केला. आता तो हात रुंद आहे, पंजा फावड्यासारखा. "तेव्हा हा बारीक होता," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. भाईचे वडील नव्हते, घरात खाणारी सहा तोंडं होती. तो चौथीतून शाळा सोडून आला होता. मास्तर पाना झाला तेव्हा मी पाचवीतून सहावीत गेलो. भाई कुठंच गेला नाही. अब्बांनी एका मुलाचा हात बाहेर काढला, आणि पान्याला आकार येईपर्यंत दुसऱ्या मुलाचा हात आत होता. ह्यात अब्बांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या चार महिन्यांत मी घरी बोटाला फडकं बांधून अपूर्णांक शिकत होतो, ते चार महिने कुणाच्या हातावर उभे होते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

"चला," भाई उठत म्हणाला, "लावा मास्तर. तुम्हीच लावा."

मी पुन्हा खाली गेलो. वाकडा पाना पाईपला वळसा घालून, वायरिंगच्या मागून असा आत गेला की जणू ती वाट त्याच्याच मापाची होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या वेगळ्याच गाडीसाठी केलेला पाना! पण जिथं जिथं माणसाचा हात पोचत नाही तिथली वळणं बहुधा सारखीच असतात. टोकाशी हलकासा 'खट्' झाला.

"बैठा?" वरून भाईनं विचारलं.

माझ्या घशातून शब्द फुटायला वेळ लागला. "बैठा."

"आता लगेच सोडवू नका. आधी जरासा आवळा. आटे जागचे हलू देत. मग उलटा."

मी जरासा आवळला. बारीक 'कर्र' झालं. मग उलटा जोर दिला आणि बोल्ट सुटला. त्या जागेत पाना एका वेळी जेमतेम तीस अंश फिरत होता. पण रिंगेला आत बारा कोन असतात, आणि बोल्टाला सहा; त्यामुळे दर तीस अंशांवर पाना काढून पुन्हा बसवता येतो. फिक्स पान्याचं तोंडही उगाच तिरकं नसतं. ते दांड्याशी पंधरा अंश कलतं ठेवलेलं असतं, म्हणजे पाना पालथा करून लावला की पुन्हा तीस अंशांची नवी पकड मिळते. ज्यानं हे शोधलं त्यानं कधीतरी अशाच फटीत हात घातला असणार. तीस अंश फिरवायचं, काढायचं, चाचपडून पुन्हा बसवायचं. पूर्ण फेऱ्याला बारा वेळा. शेवटी शेवटी बोटांनीच बोल्ट फिरू लागला आणि सेल्फ माझ्या छातीवर येऊन टेकला.

दोष निघाला तो एवढाच की आतले कार्बन झिजून संपले होते. भाईनं पायरीवर बसून कार्बन बदलले, बुश पाहिले, ग्रीस लावलं. पुन्हा बसवताना त्यानं एक युक्ती दाखवली. गोटीत कागदाचा बारीक तुकडा घालून बोल्टाचं डोकं त्यात दाबायचं, म्हणजे तो वाटेत पडत नाही. आणि बोल्ट लावताना आधी उलटा फिरवायचा. आट्याचं तोंड आट्याला मिळालं की हाताला एक बारीक ठेच जाणवते. मग सुलटा फिरवायचा. सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटानंच द्यायचे. पान्यानं घाई केली की आटे तिरके बसतात, आणि तिरके बसलेले आटे पुन्हा सरळ होत नाहीत. मी हे ऐकत होतो आणि मनात वर्गातली पोरं येत होती.

शिक्षक म्हणून मी माझ्या वर्गातून गॅरेजात गेलेली मुलं मोजली नाहीत, पण ती मला आठवतात. हजेरीपटावर नावासमोर तांबड्या शाईनं 'नाव कमी केले' असं लिहायचं असतं. ते मी लिहिलेलं आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, तेव्हा त्यात होतं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली. आम्ही काही शिक्षकांनी तो आकडा मोठमोठ्यानं वाचला, भाषणं केली. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवायला बंदी आली. पण त्यात एक फट राहिली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचं नसेल असं घरच्यांचं काम मुलानं करायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तर पाना द्यायला मी भाईच्या गॅरेजवर गेलो. तो त्याचाच होता, माझ्या पेटीत चुकून राहिला होता. गॅरेजात एका गाडीचं बॉनेट उघडं होतं, आणि दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा मडगार्डवर पोट टेकून आत हात घालत होता. कोपरापर्यंत हात गेला होता. डोळे मिटलेले होते.

"हा कोण?" मी विचारलं.

"नातू. मुलीचा मुलगा," भाई म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाला, "शाळेत जातो हो! पाचवीत आहे. शाळा सुटली की येतो. घरचंच पोरगं आहे."

"भाई, मी पण घरचंच पोरगं होतो."

मी हे रागानं म्हणालो नाही. पण म्हणालो. भाईच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं माझ्या डाव्या तर्जनीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या पंजाकडे. मग गाडीकडे वळून म्हणाला, "ए, हात काढ बाहेर. काढ म्हणतो ना."

मुलगा हिरमुसला. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. अवघ्या गॅरेजात जे कुणाला जमत नव्हतं ते त्याला जमत होतं, आणि तेच नेमकं त्याच्याकडून काढून घेतलं जात होतं. अब्बा इथंच चुकले होते. हात काढून घेतला, पण का काढून घेतला ते सांगितलं नाही. पन्नास वर्षं एक मुलगा वेगळंच समजत राहिला.

म्हणून मी त्याला जवळ बोलावलं. माझं बोट दाखवलं, ते कसं गेलं ते सांगितलं. मग मास्तर पाना त्याच्या हातात दिला आणि तो कुणी, कशासाठी वाकवला ते सांगितलं. भाई पाठमोरा उभा राहून ऐकत होता. मुलानं पाना उलटसुलट करून पाहिला, रिंगेत बोट घालून कोन मोजले.

"बारा आहेत," तो म्हणाला. "आणि बोल्टाला सहा. सहाच का?"

तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. मी खिशात हात घातला. खडू ठेवायची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तेलानं काळ्या झालेल्या त्या जमिनीवर मी आधी एक चौकोन काढला, मग षटकोन, मग अष्टकोन. चार कोन असते तर पाना पुन्हा पकडायला नव्वद अंश फिरवावा लागला असता. तेवढी जागा इंजिनात नसते. आठ असते तर पंचेचाळीस अंशांत भागलं असतं, पण कोपरे इतके बोथट झाले असते की पाना घसरून ते झिजले असते. सहा म्हणजे जागाही पुरते आणि पकडही राहते.

"मग पान्याला बारा का?" तो म्हणाला.

"ते तू सांग," मी म्हणालो. "परवा येईन. तोवर काढून ठेव."

आता मी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पंढरपूर रोडला जातो. भाईनं एका खांबाला पत्र्याचा तुकडा काळा रंगवून फळा म्हणून अडकवून दिला आहे. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातलाही एक मुलगा येऊन बसतो. गाडी माझीच मी चालवत नेतो. सेल्फ पहिल्या किल्लीला लागतो. परत निघताना कधी कधी भाई हातातलं फडकं पुसत जवळ येतो आणि फळ्याकडे बघत उभा राहतो. परवा तो म्हणाला, "मास्तर, त्या अपूर्णांकाचं जरा पुन्हा सांगा. मी चौथीपर्यंतच होतो ना, ते पाचवीला असतं."

मी खडू घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.